पाणउतारा

आमच्या खानावळीत रेडिओ एकच स्टेशन पकडतो,
तेही दुपारी, वारा समुद्राकडून नसला तर.
मसुराचं पातेलं उतरवत होते तेव्हा तो म्हणाला:
एकशे दहा प्रकाशवर्षांवरच्या कुठल्याशा ग्रहावर
पाण्याची वाफ सापडली.

चमचे थांबले.
मग नोल्बेर्तोनं पाव मोडला आणि विचारलं,
'टँकर किती वाजता येतो तिथं?'

झालं. सुटले सगळे.
एलेउतेरिओ म्हणाला, आधी मीटर बसवला असेल, मग वाफ.
तांब्याच्या खाणीचा ट्रक हाकणारा ओस्मान म्हणाला,
'एकशे दहा म्हणजे कालामाच्या अलीकडे की पलीकडे?'
कोपऱ्यातून कुणीसं:
आमच्याही नळाला वाफच येते, आम्हाला का नाही कुणी शोधत?
मीही सोडलं नाही. म्हटलं, कळवा त्यांना,
भांडी वाळूनं घासा, एकाच पाण्यात तीनदा विसळा,
आणि उरलेलं मिरचीच्या रोपाला.

या वाळवंटात पाऊस माणसाच्या जन्मात दोनदा, तोही चुकून.
टँकर मंगळवारी आणि शनिवारी.
नोल्बेर्तो तो चालवतो, बारा गावांना पाणी पाजतो,
आणि बातमी आली की बातमीलाही.
यंत्रं आता कविता करतात, असं एकदा सांगितलं रेडिओनं;
म्हणाला, माझ्या पंपाला आधी धड खोकता येऊ दे.
माणूस दीडशे वर्षं जगणार म्हणे;
म्हणाला, आणि ग्रासिएलाची उधारी तेवढी वर्षं कोण लिहून ठेवणार?
पाणउतारा हा एकच धंदा
इथं पाण्याशिवाय चालतो.

गुरुवारी यास्ना आली, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी.
वर डोंगरावर दुर्बिणीचा आरसा साफ करते,
नखाएवढा डाग दिसला तरी रात्रभर झोपत नाही.
'काय गं, तिकडच्यांना बिल कोण नेऊन देतं? तूच का?'
ती खात राहिली. मग ताटाकडेच बघत म्हणाली,
'आपल्या हवेत टिपूस नाही, म्हणून तिथलं दिसतं.
ओल असती, तर मधे आपल्याच वाफेचा पडदा आला असता.
दुर्बीण इथंच का बांधली, असं वाटतं तुम्हाला?'

कुणाला काही सुचेना.
नोल्बेर्तोनं मिशी पुसली.
'म्हणजे आमची तहान डोळ्याला लावून बघतात ते,
चष्म्यासारखी.'
जरा थांबला.
'मग भाडं कुठाय?'
यास्नाला हसता हसता ठसका लागला.
पाणी मीच दिलं, काठोकाठ.

पाच आठवडे गेले. पातेलं तेच, मसूर तोच.
रेडिओ म्हणाला, ती वाफ बहुधा नव्हतीच.
आकडे पुन्हा तपासले,
ताऱ्यावरच्या डागांनी घोळ केला होता.

आम्ही वाट पाहिली,
सगळ्यांच्या माना नोल्बेर्तोकडे.
असा आयता घास त्यानं कधी सोडला नव्हता.
तो उठला, रेडिओ बंद केला,
आणि परत बसून मेजावरचा पावाचा चुरा
बोटानं टिपत राहिला,
शनिवारचा टँकर वाटेत कुठं उलटल्यासारखा.

गुरुवारी त्यानं यास्नाला विचारलं,
'पुन्हा बघणार का ते?'
'मार्चमध्ये. आकाश मोकळं असलं तर.'
'इथलं आकाश कधी मोकळं नसतं?'
हा विनोद नव्हता,
हे कळायला आम्हाला वेळ लागला.

तिची गाडी सुरू झाली तसा तो दारात जाऊन ओरडला,
'पोरी, वर जाताना बादली घेऊन जा!'